विषय क्रमांक चार

पुंजाराम तात्यांनी नोटीस चौथ्यांदा लिहून काढली, तेव्हा कुठे शेवटचा विषय त्यांच्या मनासारखा उतरला. 'विषय क्र. ४: सचिव श्री. पुंजाराम गव्हांडे यांच्या राजीनाम्यावर विचार करणे.' आधीच्या तिन्ही खर्ड्यांत 'राजीनामा मंजूर करणे' असं होतं. ते त्यांनी खोडलं. मंजूर करणे म्हटलं की लोक घरूनच मन पक्कं करून येतात. विचार करणे म्हटलं की जरा जागा राहते. एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केलेल्या माणसाला अशी जागा कुठे ठेवायची ते बरोबर कळतं.

आता खरं सांगायचं तर तात्यांना राजीनामा द्यायचाच नव्हता. लोकांनी आपल्याला अडवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. भर सभेत कोणीतरी उठावं, 'तात्या, हे काय भलतंच काढलंत?' म्हणावं, मग दुसऱ्याने त्याची री ओढावी, तिसऱ्याने आवाज चढवावा. आणि 'राजीनामा एकमताने फेटाळण्यात आला' हे वाक्य रजिस्टरात आपल्याच हाताने लिहायला मिळावं. उतारवयात माणसं काय काय मागतात. तात्यांनी एक वाक्य मागितलं होतं.

हे सगळं उत्तमच्या एका प्रश्नावरून सुरू झालं. उत्तम म्हणजे तात्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला नोकरीत. वच्छलाबाईंना जाऊन चौदा महिने झाले होते, आणि त्या चौदा महिन्यांत दर रविवारी सकाळी आईविना राहिलेल्या या पोराचा फोन यायचा: बाबा, इकडे या. तात्या दर वेळी कॉलनीचं काहीतरी काम पुढे करायचे. कधी बंद पडलेला पथदिवा, कधी नाल्याची भिंत, कधी खुल्या जागेचं कुंपण. शेवटी पोरगा वैतागला.

"बाबा, तिथं तुमचं आहे कोण?"

"कॉलनी आहे."

"कॉलनीला कधी विचारलंत? तुम्ही नसलात तर तिचं काय अडतं ते?"

उत्तम काही वाईट मनाने बोलला नव्हता. पण ते बोलणं तात्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास नीट उतरेना. तिसऱ्या दिवशी त्यांनीच पुण्याला फोन लावला. "विचारतो कॉलनीला," म्हणाले, "रीतसर सभा लावून विचारतो. सभेनं जा म्हटलं तर मुकाट्यानं तुझ्याकडं येतो. राहा म्हटलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." उत्तम बरं म्हणाला. बापाचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याला ठाऊक होतं.

समाधान कॉलनी हर्सूलच्या अलीकडे, नाल्याच्या कडेने. घरं एकेचाळीस. तात्या मूळचे सोयगावकडचे, जन्म निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या सालचा, म्हणजे अठ्ठेचाळीसचा. त्यांनी इथे गुंठाभर जागा घेतली तेव्हा कॉलनीत रस्ता नव्हता, खांब नव्हते, नळ तर नव्हताच. होती ती काळी माती आणि पावसाळ्यात हातात घ्यायच्या चपला. मग नागरिक संघ निघाला आणि तात्या सचिव झाले. एकदा झाले ते झालेच. अध्यक्ष बदलत गेले. आताचे अध्यक्ष आप्पासाहेब दोन वर्षांपासून इथलं घर मुलावर सोपवून नाशकाला लेकीकडे राहत होते आणि तिथूनच अध्यक्ष होते. सचिव मात्र पुंजाराम गव्हांडे.

सुरुवातीच्या सभा काय रंगायच्या! खुल्या जागेत लिंबाच्या झाडाखाली सतरंज्या पडायच्या. खांब कोणाच्या दारात रोवायचा यावरून दोन सख्खे शेजारी सहा महिने बोलले नव्हते. नळाची लाइन मंजूर झाली त्या सभेत मोहियोद्दीन मास्तरांनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने पेढे वाटले होते, आणि बायकांनी पुरुषांना गप्प बसवून गल्लीचं नाव काय ठेवायचं ते परस्पर ठरवून टाकलं होतं. भांडणं होती, पण माणसं होती.

ती माणसं गेली कुठे, असं कोणी विचारलं असतं तर तात्यांना मान खाली घालावी लागली असती, कारण त्यांना घरी बसायची सवय तात्यांनीच लावली होती. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सभा ठेवली त्याच दिवशी नेमकं पाणी आलं. या शहरात पाणी येतं पाचव्या-सहाव्या दिवशी, आणि आलं की घरातलं माणूस जागचं हलत नाही. मोटर लावा, हौद भरा, हौद झाला की ड्रम, ड्रम झाले की हंडे, हंडे झाले की तपेली. अशा वेळी सभेला येणार कोण? तात्यांना लोकांची कणव आली. रजिस्टर काखेत मारलं, घरोघर फिरले, पाणी भरणाऱ्यांच्या ओल्या हातांच्या सह्या घेतल्या आणि सभा झाली असं लिहून टाकलं. गणपूर्ती पूर्ण, विषय मंजूर, कोणाची तक्रार नाही. पुढच्या वर्षी पाणी नव्हतं, तरी लोकांनीच विचारलं, "तात्या, रजिस्टर आणताय ना घरी?" तात्या नाही म्हणू शकले नाहीत. तेव्हापासून समाधान कॉलनीची वार्षिक सभा फक्त रजिस्टरात भरत होती.

पण ती भरायची मात्र जोरात. तात्या दोन-तीन दुपारी बसून कार्यवृत्त लिहायचे. 'सौ. आशाबाई यांनी पथदिव्यांबाबत तीव्र नाराजी व्यक्त केली.' 'श्री. गयास यांनी त्यास हरकत घेतली. सविस्तर चर्चा झाली.' इकडे आशाबाई बिचाऱ्या त्या वेळी घरात पापड लाटत असायच्या आणि गयास वाळूजला कोणाच्या तरी लग्नाचा मंडप ठोकत असायचा. वच्छलाबाई ताट वाढताना विचारायच्या, "मग, आज कोण कोण भांडलं तुमच्या सभेत?" तात्या गंभीरपणे नावं सांगायचे. वच्छलाबाई गेल्यावर ते लिहिणंही अळणी झालं. गेल्या वर्षी त्यांनी चर्चा लिहिलीच नाही. नुसतं 'मंजूर, मंजूर, मंजूर' लिहून पान संपवलं, आणि ते सही करणाऱ्या कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

या वर्षी मात्र त्यांनी नोटिशीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'रजिस्टर घरोघरी फिरवले जाणार नाही. प्रत्यक्ष उपस्थित राहावे.' एकेचाळीस प्रती काढल्या, एकेका दारात स्वतः नेऊन दिल्या. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. सतरा जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. चौथ्या विषयाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. समोरासमोर बोलायचं ठेवलं असेल, असं तात्यांनी मनाशी म्हटलं.

दिवसही त्यांनी विचार करून धरला होता. त्या आठवड्यात पाण्याची पाळी मंगळवारी येत होती, म्हणून सभा रविवारी, संध्याकाळी पाच वाजता.

रविवारी चार वाजताच तात्या लिंबाखाली हजर होते. गयासच्या मंडप डेकोरेशनमधून पन्नास खुर्च्या आल्या होत्या. त्या त्यांनी ओळीने लावल्या, फडक्याने पुसल्या. मग पन्नास फार दिसतात म्हणून दहा उचलून बाजूला ठेवल्या, आणि उगाच अपशकुन नको म्हणून परत मांडल्या. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. खिशात छोटंसं भाषण होतं, लोकांनी राजीनामा फेटाळल्यानंतर आभार मानायचं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. चिटपाखरू नाही. तात्यांनी घड्याळ काढून कानाला लावून पाहिलं. ते चालत होतं.

मग काठी टेकत मोहियोद्दीन मास्तर आले. निवृत्त शिक्षक, तात्यांच्याच वयाचे. "अस्सलामु अलैकुम, गव्हांडेसाहेब. आम्ही पहिले की काय?" तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मास्तरांना हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं. पाठोपाठ आशाबाई जावेला घेऊन आल्या. आशाबाई म्हणजे तात्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीण, वच्छलाबाईंच्या मैत्रीण. मग गयास आला, आणि येता येता त्याने सवयीने खुर्च्या मोजल्या. आणखी तिघं आले. साडेपाचला सात जण झाले.

"गणपूर्तीला चौदा लागतात," तात्यांनी उभं राहून जाहीर केलं. "तेव्हा नियमाप्रमाणं सभा अर्धा तास तहकूब करण्यात येते. अर्ध्या तासानंतर याच ठिकाणी जेवढे असतील तेवढ्यांत ती भरेल."

"मतलब अभी बैठे रहने का?" गयासने विचारलं.

"बसून राहायचं."

आणि तो अर्धा तास तात्यांच्या चौदा महिन्यांतला सगळ्यात चांगला अर्धा तास ठरला. काही काम नव्हतं म्हणून लोक बोलायला लागले. मास्तरांनी पेढ्यांची आठवण काढली. आशाबाई म्हणाल्या, "तवा वच्छलाबाईनं माझी बाजू घेतली नसती तर खांब माझ्या न्हाणीतच रोवला असता या लोकांनी!" सगळे हसले. तात्याही हसले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की लोकांत बसून आपण फार दिवसांनी हसतोय. समोरच्या गल्लीतून अजून पाच-सहा जण सावकाश गप्पा मारत येत होते. दोघी जणी दारातून डोकावून 'सुरू झाली का?' अशा खुणा करत होत्या. चौदा होणार होते. जास्तच होणार होते.

सहा वाजायला दोन मिनिटं असताना तात्यांचा फोन वाजला. लाइनमन सांडूचा होता.

"तात्या, पाणी सोडतोय तुमच्या लाइनला. धा मिन्टांत येईल."

"आज? आज रविवार आहे, सांडू. वार मंगळवारचा."

"मंगळवारचं मंगळवारी भेटायचं नाय. वरून बदललंय समदं. आज पाऊण तास देतो, मग आणखी सहा रोज नाय. घंटा द्या बरं लवकर."

घंटा म्हणजे तात्यांच्या फाटकाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. पाणी सुटलं की तात्यांनी तो बडवायचा आणि कॉलनीने मोटरा लावायच्या, ही रीत. ग्रुपवर निरोप टाकून भागत नसे; कोण झोपलेलं, कोणाचा फोन चार्जिंगला.

तात्या फोन हातात धरून उभे राहिले. त्यांच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. फोन खिशात टाकावा, असंच आलं. दहा मिनिटं, फक्त दहा मिनिटं. पहिले तीन विषय बाजूला ठेवून चौथा आधी घेतला, तर पाच मिनिटांत काय तो निकाल लागेल. लोक 'राहा' म्हणतील, आणि मग मारू घंटा. एका घंटेला दहा मिनिटं उशीर झाला तर कोणाला कळतंय?

"तात्या, कोणाचा फोन हो?" आशाबाईंनी सहज विचारलं. "तुमचा चेहरा असा का झाला?"

आशाबाईंचा हौद कालच खडखडीत झालेला. काल संध्याकाळी तात्यांनीच भिंतीवरून त्यांना दोन बादल्या दिल्या होत्या. खोटं बोलायचं तर आशाबाईंच्या तोंडावर बोलावं लागणार होतं, आणि ते काही तात्यांना जमलं नाही.

"पाणी येतंय," ते म्हणाले. "आत्ता. मंगळवारचं रद्द आहे."

ते फाटकाशी पोचून रूळ बडवेपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. गल्लीतून येणारे पाच-सहा जण वाटेतूनच मागे वळले. मास्तर काठी टेकत जेवढ्या लगबगीने जाता येईल तेवढ्या लगबगीने गेले, कारण बिल्किसभाभी घरात एकट्या आणि मोटरचं बटण उंच. गयास पळता पळता ओरडला, "चाचा, कुर्सियाँ मैं कल उठाता!" पाच मिनिटांत साऱ्या कॉलनीत मोटरांची घरघर सुरू झाली.

तात्या परत लिंबाखाली येऊन बसले. पन्नास खुर्च्या आणि ते. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, म्हणजे अर्धा तास पुरा होऊन वर दहा मिनिटं. नियमाने सभा भरली होती आणि जेवढे होते तेवढ्यांत, म्हणजे एकट्या तात्यांत, ती वैधही होती. त्यांनी रजिस्टर उघडलं. पण ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक लागतो. एकट्या माणसाचा राजीनामा स्वीकारताही येत नाही नि फेटाळताही येत नाही. त्यांना एकदम खूप दमल्यासारखं झालं. स्वतःच्या घरची मोटर लावायची राहून गेली होती, आणि आत हाक मारून सांगावं असं घरात कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडून आशाबाईंनीच हाक दिली. "तात्या, काल सह्या राहिल्या की हो. रजिस्टर आणा न घरी. कशाला उगं जिवाला लावून घेता? दर साली आणता तसं आणा."

बोलणं मायेचं होतं. तात्या आत गेले, रजिस्टर पुढ्यात घेऊन बसले आणि पहिले तीन विषय नेहमीसारखे लिहून मोकळे झाले. चौथ्यापाशी पेन थांबलं. 'फेटाळण्यात आला' लिहायला काय जात होतं? सह्या झाल्याच असत्या. पण अशा सह्या घेऊन करायचं काय, ते वाक्य तर आपलं आपणच लिहिलेलं. मग त्यांनी जपून, टपोऱ्या अक्षरांत, सह्यांच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं: 'सचिव श्री. पुंजाराम गव्हांडे यांचा राजीनामा एकमताने मंजूर करण्यात आला.' कोणाच्याही डोळ्याला टोचेल असं लिहिलं. हे वाचून कोणीतरी दचकेल, कोणीतरी रागावेल, पान फाडा म्हणेल. चाळीस घरांत एक तरी. सूचक म्हणून आशाबाईंचं नाव घातलं, अनुमोदक म्हणून गयासचं. खाली सगळ्यात आधी स्वतःची सही केली.

पहिलं घर आशाबाईंचं. त्यांचे हात कणकेने भरलेले होते. पदराला बोटं पुसून त्यांनी रजिस्टर ओट्यावर टेकवलं.

"आज वाचून सही करा, आशाबाई," तात्या म्हणाले.

आशाबाईंची नजर पानावरून फिरली. फिरली आणि थांबली.

"अगं बाई! माझं नाव? सूचक मी?" त्या लाजून हसल्या. "माझं नाव कशाला घातलं हो एवढ्या मोठ्या ठरावात? ह्यांना सांगते संध्याकाळी." आणि नावापलीकडचं काही न वाचताच, नेहमीपेक्षा सुबक अक्षरांत त्यांनी सही केली.

मोहियोद्दीन मास्तरांनी चष्मा शोधला, तो काही सापडला नाही. "असू द्या. तुम्ही लिहिलंय म्हणजे त्यात बघायचं काय? आमचा भरवसा आहे तुमच्यावर, गव्हांडेसाहेब," म्हणत त्यांनी दरवर्षीप्रमाणे उर्दूत सही केली. बिल्किसभाभींनी पडद्याआडून चहा पाठवला. तात्यांनी तो घेतला. कडू लागला नाही, गोडही लागला नाही. गयास खुर्च्या टेम्पोत चढवत होता. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून त्याने मोटारसायकलच्या सीटवर रजिस्टर ठेवलं, "इधर ना, चाचा?" एवढंच विचारलं आणि आपल्याच अनुमोदनाच्या खाली सही ठोकून दिली.

तसंच पुढे. कोणी दारात, कोणी जिन्यात, कोणी लेकराला भरवता भरवता. 'तुम्ही हाय म्हणून चाललंय, तात्या,' असं तर सात-आठ जण म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी तात्यांना मोकळं करून टाकलं. सगळ्यांनी बसा म्हटलं, पाणी विचारलं. वाईट वागलं असं एकही माणूस नव्हतं. तेच तात्यांना सोसत नव्हतं. कोणी तोंडावर म्हटलं असतं, जा बाबा एकदाचा, तर निदान भांडता तरी आलं असतं.

दुपारी दोन वाजता चाळीस सह्या झाल्या, त्यांची स्वतःची धरून. नाल्यावरच्या कठड्याला टेकून त्यांनी पुण्याला फोन लावला.

"उत्तम, सभा झाली."

"मग? काय म्हणाले?"

"मंजूर झाला. एकमतानं."

बापाला टोचून बोललो आणि ते खरं निघालं, हे उत्तमलाही बरं वाटलं नसावं. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मी रविवारी गाडी घेऊन येतो. सामान जास्त नका बांधू. इथं सगळं आहे." तात्या हो म्हणाले. शब्द दिला होता.

आता एक घर उरलं होतं, आणि ते त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. नाल्याच्या टोकाला दगडाबाईची खोली. सभासद क्रमांक एकेचाळीस. बाजारात भाजी विकून तिने अर्धा गुंठा घेतलेला. दगडाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरणेपणी दिराने कसल्यातरी कागदावर तिचा अंगठा घेतला आणि तिची फर्दापूरकडची जमीन गेली. तेव्हापासून पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय ती कशालाही अंगठा लावत नसे. बारा वर्षं तात्यांनी तिला कार्यवृत्त पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं. म्हणूनच ती शेवटी. दुसऱ्या कोणी आपल्या डोळ्यांनी वाचून विचारावं, ही त्यांची आस होती. आपलाच राजीनामा आपल्याच तोंडाने वाचायचा, त्याला काय अर्थ?

दगडाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. "या. काल बाजार व्हता, म्हून सभंला आले नाय. औंदा कोन काय बोललं?"

"औंदा कोणी काही बोललं नाही."

"मंग वाचा."

तात्या पायरीवर बसले. वाचू लागले. पहिला विषय, दुसरा, तिसरा. दगडाबाई निवडता निवडता हुंकार देत होती. चौथा त्यांनी एका दमात वाचून टाकला आणि शाईचा पॅड उघडून पुढे केला.

दगडाबाईचे हात थांबले. "राजीनामा मंजूर म्हंजी?"

"म्हणजे मी सुटलो. रविवारी उत्तम न्यायला येतोय."

"जा म्हनून कोन म्हनलं?"

तात्यांनी रजिस्टर तिच्याकडे वळवून धरलं. "हे बघा. चाळीस."

दगडाबाईने मेथीनं हिरवं झालेलं बोट सह्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. "ह्यातलं कुनी तोंडानं म्हनलं?"

"सही म्हणजे तोंडच, दगडाबाई."

"आन तुमी? चाळीस दारात गेला, तर यकाला तरी इचारलं का तोंडानं, जाऊ का ऱ्हाऊ म्हनून?"

नोटिशी त्यांनी चार वेळा लिहिल्या होत्या, प्रती एकेचाळीस वाटल्या होत्या, टपोरं अक्षर काढलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. चौदा महिन्यांत एकदाही, एकाही माणसाला, अशा साध्या शब्दांत ते काही म्हणालेच नव्हते. ते आत्ता इथे, या पायरीवर, त्यांना कळलं.

"आता इचारून काय उपयोग," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात इतक्या वर्षांनी सोयगाव आलं. "पोराला हो म्हणून बसलो."

"मला इचारा."

"काय?"

"मला तर इचारा. म्या हाय का नाय सभासद?"

तात्यांनी नाल्याकडे पाहत विचारलं, "दगडाबाई, मी जाऊ का राहू?"

"ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमच्या जान्याला मपलं 'नाय' हाय म्हून लिव्हा तिथं."

"एकटीच्या नाही म्हणण्यानं काही व्हायचं नाही आता. बहुमत झालंय."

"नाय झालं तर नाय. पर लिव्हा तर."

तात्यांनी पेन काढलं. 'एकमताने' या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर 'बहुमताने' लिहिलं आणि समासात रीतीप्रमाणे लहान सही केली. मग खाली नवीन ओळ घेतली.

"वाचा," दगडाबाई म्हणाली.

"'सभासद क्रमांक एकेचाळीस, दगडाबाई यांनी राजीनाम्यास विरोध केला. सचिवांनी राहावे, असे त्यांचे म्हणणे आहे.'"

"फिरून वाचा."

त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं. 'सचिवांनी राहावे' इथपर्यंत आले आणि पुढचं अक्षर दिसेना. ते पायरीवर मान खाली घालून बसून राहिले, आणि दगडाबाई शाईत बुडवलेला अंगठा पुढे धरून, ते वाचून पुरं करायची वाट पाहत थांबली.